कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्याचा विकास आणि जुन्या कॅमेऱ्याद्वारे उत्तम छायाचित्रण : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :

इ.स. १९९५ ते २०१० या काळात कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा सामान्य माणसाच्या हाती आला. स्मार्टफोनच्या प्रसारानंतर हे कॅमेरे निरुपयोगी ठरवून कपाटात टाकण्यात आले. त्यांच्या छायाचित्रांत दिसणाऱ्या उणिवा केवळ यंत्राच्या जुनेपणामुळे आहेत, असा सार्वत्रिक समज आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या समजाची ऐतिहासिक चिकित्सा केली आहे. यातील बहुतेक उणिवा उत्पादकांनी वापरणाऱ्याच्या वतीने आधीच घेऊन ठेवलेल्या निर्णयांतून निर्माण झाल्या. ते निर्णय वापरणाऱ्याने स्वतःकडे परत घेतल्यास जुना कॅमेराही समाधानकारक, विशेषतः दस्तऐवजीकरणास योग्य अशी छायाचित्रे देऊ शकतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : डिजिटल छायाचित्रण, कॉम्पॅक्ट कॅमेरा, संवेदक, मेगापिक्सेल, दस्तऐवजीकरण.

१. प्रस्तावना

छायाचित्रणाचा इतिहास हा बहुधा नव्या यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या वर्षी कोणता शोध लागला आणि कोणत्या यंत्राने कोणत्या यंत्राची जागा घेतली, याची नोंद त्यात आढळते. परंतु यंत्र जुने झाल्यानंतर ते वापरणाऱ्यांनी त्याचे काय केले, याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. मर्यादित साधनांनी काम करावे लागणाऱ्या समाजात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. अनेक महाविद्यालयांच्या विभागांत आणि असंख्य घरांत दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे कॅमेरे आजही पडून आहेत. ते टाकून द्यावेत की वापरावेत, हा निर्णय घेण्यापूर्वी त्यांच्या मर्यादा कोठून आल्या हे समजून घेणे अगत्याचे आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्याच्या विकासाचे प्रमुख टप्पे पाहणे.
२) या कॅमेऱ्यांच्या मर्यादांची तांत्रिक व व्यापारी कारणे शोधणे.
३) त्या मर्यादांवर वापरणाऱ्यांनी शोधलेल्या उपायांचा आढावा घेणे.
४) इतिहासाच्या साधनांच्या दस्तऐवजीकरणासाठी जुन्या कॅमेऱ्याची उपयुक्तता तपासणे.

३. संशोधन पद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कॅमेऱ्यांचा कालक्रम, त्यांचे प्रसिद्ध तांत्रिक तपशील आणि उत्पादनाची उपलब्ध आकडेवारी यांचा आधार घेतला आहे.

४. ऐतिहासिक पार्श्वभूमी (इ.स. १८८८ ते १९९५)

जॉर्ज ईस्टमन याने १८८८ मध्ये पहिला कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. त्यात शंभर चित्रांची फिल्म आधीच भरलेली असे. ग्राहकाने केवळ कळ दाबावी आणि बाकी सर्व कंपनीवर सोपवावे, ही त्यामागील कल्पना होती. फिल्म संपल्यावर संपूर्ण कॅमेराच कंपनीकडे पाठविला जाई. छायाचित्रण सोपे करायचे तर छायाचित्रकाराचे निर्णय कमी करायचे, हे सूत्र येथे प्रथमच व्यापारी यशाचे साधन बनले. पुढील सव्वाशे वर्षे सामान्य माणसासाठी बनलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांनी हेच सूत्र पाळले.

डिजिटल छायाचित्रणाचा पाया १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घातला गेला. विलार्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी तेथे सीसीडी या संवेदकाची संकल्पना मांडली. या कार्यासाठी त्यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९७५ मध्ये ईस्टमन कोडॅकमधील अभियंता स्टीव्हन सॅसन याने पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते. त्यातून १०० × १०० बिंदूंचे कृष्णधवल चित्र मिळे आणि ते कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. त्याच कंपनीतील ब्राइस बायर याने संवेदकावर लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांची जाळी बसविण्याची पद्धत शोधली. तिला १९७६ मध्ये पेटंट मिळाले. आजही बहुसंख्य कॅमेरे याच पद्धतीने रंग टिपतात.

१९९२ मध्ये जेपीईजी हे चित्र-संक्षेपाचे मानक निश्चित झाले आणि थोड्या जागेत अधिक चित्रे साठविणे शक्य झाले. १९९४ च्या ॲपल क्विकटेक १०० या कॅमेऱ्यात ६४० × ४८० बिंदूंची केवळ आठ चित्रे मावत. १९९५ च्या कॅसिओ क्यूव्ही-१० ने पाठीमागील पडद्यावर चित्र तत्काळ पाहण्याची सोय दिली. ही सोय छायाचित्रणाच्या शिक्षणाच्या दृष्टीने क्रांतिकारक होती. फिल्म धुऊन येईपर्यंत चूक कळत नसे, ती आता त्याच क्षणी कळू लागली.

५. सामान्य माणसाच्या हातातील कॅमेरा

इ.स. २००० नंतर डिजिटल कॅमेऱ्यांच्या किमती उतरत गेल्या. २००३ चा कॅनन पॉवरशॉट ए७० हा या काळाचा प्रातिनिधिक कॅमेरा म्हणता येईल. त्याची क्षमता ३.२ मेगापिक्सेल होती आणि तो बाजारात कोठेही मिळणाऱ्या चार पेन्सिल सेलवर चाले. विशेष म्हणजे शटरचा वेग व भिंगाचे छिद्र, म्हणजेच ॲपर्चर, हाताने ठरविण्याची सोय त्यात होती. परंतु बहुतेकांनी त्याची गोल चकती 'ऑटो' या खुणेवरून कधी हलविलीच नाही.

जपानमधील सीआयपीए या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी १५ लाख डिजिटल कॅमेरे उत्पादकांकडून बाहेर पडले. त्यांतील बहुसंख्य कॉम्पॅक्ट होते. हा या उद्योगाचा उच्चांक होय. २०२३ पर्यंत ही एकूण संख्या सुमारे ७७ लाखांवर आली. कॅमेरे खराब झाले म्हणून ही घसरण झाली नाही. छायाचित्रण दूरध्वनी संचात सामावले गेल्याने ती झाली. याचाच अर्थ, चालू स्थितीतील असंख्य कॅमेरे एकाच दशकात अडगळीत गेले.

६. मेगापिक्सेलची स्पर्धा आणि तिचे परिणाम

जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची मूळ मर्यादा त्याच्या संवेदकाच्या आकारात आहे. कॅमेरा खिशात मावावा व स्वस्त असावा, यासाठी संवेदक लहान ठेवणे भाग होते. त्या काळी प्रचलित असलेल्या १/२.५ इंच प्रकारच्या संवेदकाचे क्षेत्रफळ सुमारे २५ चौरस मिलिमीटर भरते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर असते. म्हणजे हा संवेदक फिल्मच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्श्याएवढा होता. लहान संवेदकाला प्रकाश कमी मिळतो आणि प्रकाश कमी पडला की चित्रात रंगीत ठिपके उमटतात.

या मर्यादेत व्यापारी स्पर्धेने भर घातली. ग्राहकाला संवेदकाचा आकार कळत नसे, परंतु मेगापिक्सेलचा आकडा सहज कळे. त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिकाधिक बिंदू बसविण्याची चढाओढ सुरू झाली. वास्तविक ६ × ४ इंची छापील चित्रासाठी, इंचाला ३०० बिंदू धरले तरी, १८०० × १२०० म्हणजे सुमारे २२ लाख बिंदू पुरेसे होतात. ही गरज तीन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातही भागत होती.

ही स्पर्धा निष्फळ असल्याची कबुली पुढे उद्योगाच्या कृतीतूनच मिळाली. २००६ च्या फुजीफिल्म एफ३० मध्ये बिंदूंची संख्या ६.३ मेगापिक्सेलवरच ठेवली होती आणि मंद प्रकाशातील चित्रांसाठी तो नावाजला गेला. २००८ च्या कॅनन जी१० ची क्षमता १४.७ मेगापिक्सेल होती. पुढच्याच वर्षी आलेल्या जी११ मध्ये ती १० मेगापिक्सेलपर्यंत कमी करण्यात आली. नवे यंत्र म्हणजे अधिक मोठा आकडा, या समजुतीला छेद देणारी ही महत्त्वाची घटना होय.

७. स्वयंचलित निर्णय आणि त्यांवरील उपाय

'ऑटो' या खुणेवर कॅमेरा एकाच वेळी अनेक निर्णय घेतो. हे निर्णय सरासरी प्रसंगासाठी आखलेले असतात. प्रत्यक्ष प्रसंग सरासरी नसेल तेथे ते चुकतात. अशा प्रमुख निर्णयांचा विचार पुढीलप्रमाणे करता येईल.

अ) प्रकाशसंवेदनक्षमता : उजेड कमी झाल्यास कॅमेरा आयएसओचा आकडा आपोआप वाढवितो. लहान संवेदकात ४०० च्या पुढे ठिपके ठळक दिसू लागतात. त्यावरील उपाय म्हणजे आयएसओ ८० किंवा १०० वर स्थिर ठेवणे होय. अशा वेळी शटर अधिक काळ उघडे राहते, म्हणून कॅमेरा तिपाईवर, भिंतीवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर ठेवावा लागतो. बोटाच्या दाबाने तो हलू नये यासाठी दोन सेकंदांचा सेल्फ टायमर वापरावा. दृश्य स्थिर असेल तर हा एकच बदल चित्राचा दर्जा सर्वाधिक सुधारतो.

ब) ॲपर्चर : छिद्र लहान केल्यास चित्र अधिक स्पष्ट येते, हा फिल्म कॅमेऱ्यावरून आलेला संस्कार आहे. लहान संवेदकाच्या बाबतीत तो दिशाभूल करतो. २००६ च्या कॅनन ए६४० मध्ये एका बिंदूची रुंदी सुमारे २ मायक्रॉन होती. एफ ८ या छिद्रावर प्रकाशाच्या विवर्तनामुळे एका बिंदूचे चित्र सुमारे १० मायक्रॉनच्या वर्तुळाएवढे पसरते. एफ २.८ वर हाच पसरट भाग ४ मायक्रॉनच्या आत राहतो. म्हणून अशा कॅमेऱ्यात छिद्र शक्यतो मोठे किंवा मध्यम ठेवणे इष्ट ठरते. संवेदक लहान असल्याने पुढील व मागील वस्तू पुरेशा स्पष्ट येतातच.

क) एक्स्पोजर : अतिउजेडात पांढरा पडलेला भाग नंतर कोणत्याही उपायाने परत मिळत नाही, मात्र काळसर भाग काही प्रमाणात उजळता येतो. यासाठी प्रखर उन्हात एक्स्पोजर एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश टप्पा कमी ठेवावे. याउलट पांढऱ्या कागदाने चौकट भरली असता कॅमेरा कागद करडा करून टाकतो. अशा वेळी एक्स्पोजर वाढवावे लागते.

ड) फ्लॅश : या कॅमेऱ्यांच्या अंगच्या फ्लॅशचा प्रभाव साधारणतः तीन मीटरपर्यंतच असतो. सभागृहातील व्यासपीठाचे छायाचित्र मागील रांगेतून घेताना त्याचा काहीही उपयोग होत नाही. जवळच्या वस्तूवर तो सपाट व कठोर प्रकाश टाकतो. म्हणून फ्लॅश सामान्यतः बंद ठेवावा. भर दुपारी चेहऱ्यावर पडलेली सावली उजळण्यासाठी मात्र तो उपयुक्त ठरतो.

इ) रंगांचे संतुलन : पिवळ्या दिव्याच्या व ट्यूबलाइटच्या प्रकाशातील फरक डोळा सांभाळून घेतो, जुना कॅमेरा पुष्कळदा चुकतो. पांढरा कागद समोर धरून 'कस्टम' संतुलन निश्चित केल्यास हा दोष बहुतांशी दूर होतो.

ई) केंद्रीकरण व झूम : कळ अर्धी दाबून केंद्रीकरण निश्चित होईपर्यंत थांबणे आणि मग ती पूर्ण दाबणे, ही सवय अत्यावश्यक आहे. घाईने एकदम कळ दाबल्यामुळे असंख्य चित्रे अस्पष्ट येतात. डिजिटल झूम नव्याने काहीही टिपत नाही, तो केवळ चित्राचा मधला भाग ताणून मोठा करतो. तो बंद ठेवून वस्तूच्या जवळ जाणे हिताचे असते.

याशिवाय चित्राचा दर्जा सर्वोच्च पातळीवर ठेवणे, भिंग मऊ कापडाने पुसणे आणि योग्य सेल वापरणे या साध्या बाबी आहेत. साध्या अल्कलाइन सेलचा दाब मोठ्या भाराखाली लवकर उतरतो, त्यामुळे सेल शिल्लक असूनही कॅमेरा बंद पडतो. निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे पुनर्भारित सेल येथे अधिक टिकतात. साठवणुकीच्या कार्डाबाबतही दक्षता हवी. दोन जीबीपेक्षा मोठ्या कार्डांसाठीचे एसडीएचसी मानक २००६ मध्ये आले. त्यापूर्वीचे बहुतेक कॅमेरे अशी कार्डे वाचत नाहीत.

८. वापरणाऱ्यांनी घडविलेला इतिहास

वरील उपाय उत्पादकाने दिलेल्या चौकटीतील होते. २००६-०७ च्या सुमारास काही हौशी संगणकतज्ज्ञांनी ही चौकटच विस्तारली. कॅनन हॅक डेव्हलपमेंट किट, अर्थात सीएचडीके, ही आज्ञावली कॅननच्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांसाठी विनामूल्य उपलब्ध झाली. ती कार्डावर ठेवली जाते आणि कॅमेऱ्याची मूळ आज्ञावली कायमस्वरूपी बदलत नाही. तिच्यामुळे स्वस्त कॅमेऱ्यातही संवेदकाची मूळ नोंद, म्हणजे रॉ फाइल, मिळू लागली. पडद्यावर प्रकाशाचा आलेख दिसू लागला आणि ठराविक अंतराने आपोआप चित्रे घेणे शक्य झाले. या क्षमता यंत्रात आधीपासूनच होत्या, त्या ग्राहकाला दिलेल्या नव्हत्या एवढेच.

सप्टेंबर २००९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी हवामानशास्त्रीय फुग्याला कॅनन ए४७० हा साधा कॅमेरा बांधून तो सुमारे २८ किलोमीटर उंचीवर पाठविला. सीएचडीकेच्या साहाय्याने त्याने आपोआप चित्रे घेतली. पृथ्वीची वक्रता दाखविणाऱ्या या प्रयोगाचा एकूण खर्च सुमारे दीडशे डॉलर होता. त्याच वर्षी डॅनियल रिट्झ याने टाकाऊ साहित्य व दोन स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेरे यांपासून ग्रंथांच्या प्रती काढणारे यंत्र बनविण्याची कृती प्रसिद्ध केली. त्यातून स्वतः ग्रंथ-स्कॅनर बनविणाऱ्यांची एक चळवळच उभी राहिली. या दोन्ही उदाहरणांत कॅमेरा साधाच होता, परंतु कोणते चित्र कशासाठी हवे याचा निर्णय माणसाने घेतला होता.

९. इतिहासाच्या साधनांचे दस्तऐवजीकरण

महाराष्ट्रातील गावोगावी वीरगळ, सतीशिळा व शिलालेख उघड्यावर आहेत. अनेक घराण्यांत मोडी कागदपत्रे जपलेली आहेत. ही साधने स्थिर असतात व छायाचित्रकाराला वेळ देतात. जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याला नेमकी अशीच परिस्थिती अनुकूल असते.

झिजलेला शिलालेख भर दुपारी समोरून टिपल्यास अक्षरे सपाट दिसतात. सकाळी किंवा सायंकाळी तिरपे ऊन पडले असता कोरीव भागात सावली धरते आणि अक्षर उठून दिसते. उन्हाची सोय नसल्यास बाजूने विजेरीचा तिरपा प्रकाश टाकून हाच परिणाम साधता येतो. एका बाजूने टाकलेल्या प्रकाशात काही रेषा लपतात, म्हणून दोन-तीन दिशांनी प्रकाश देऊन स्वतंत्र चित्रे घ्यावीत. अक्षरे उठावीत म्हणून दगडावर खडू किंवा रंग घासणे मात्र साधनाचीच हानी करणारे आहे. कागदपत्रांसाठी खिडकीजवळील सावलीतला एकसारखा प्रकाश उत्तम असतो. कॅमेरा कागदाला समांतर धरावा, मापनासाठी पट्टी ठेवावी आणि पानाच्या चारही कडा चौकटीत घ्याव्यात.

येथे एक धोका विशेष नमूद करणे आवश्यक आहे. प्रत्येक डिजिटल चित्रात एक्झिफ या पद्धतीने दिनांक, वेळ व कॅमेऱ्याची स्थिती यांची नोंद होते. संशोधकाच्या दृष्टीने ही नोंद मोलाची असते. परंतु जुन्या कॅमेऱ्यातील घड्याळ चालविणारा छोटा सेल संपला की दिनांक पुन्हा आरंभीच्या तारखेवर जातो. असे चित्र स्पष्ट असूनही खोटा दिनांक वाहून नेते. उद्या एखादा वीरगळ भंगला किंवा नाहीसा झाला, तर तो केव्हापर्यंत शाबूत होता हे ठरविण्यास हेच चित्र पुरावा म्हणून वापरले जाईल आणि अभ्यासक चुकीच्या निष्कर्षास पोहोचेल. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी घड्याळ तपासणे आणि स्थळ व दिनांक स्वतंत्र वहीत लिहिणे अनिवार्य मानावे. चांगले छायाचित्र म्हणजे केवळ स्पष्ट छायाचित्र नव्हे, ते विश्वासार्हही असले पाहिजे.

१०. मर्यादा

प्रत्येक जुना कॅमेरा उपयोगी पडेलच असे नाही. २००२ ते २००४ च्या सुमारास बनलेल्या काही सीसीडी संवेदकांत उष्ण व दमट हवेमुळे बिघाड होत असे. २००५ पासून अनेक उत्पादकांनी त्यांची विनामूल्य दुरुस्ती देऊ केली होती. अशा कॅमेऱ्यातून विकृत रंगांची किंवा काळी चित्रे येतात. आता त्यांची दुरुस्ती व्यवहार्य राहिलेली नाही. तसेच अंधाऱ्या गाभाऱ्यातील हलती माणसे, खेळाच्या स्पर्धा किंवा रात्रीची मिरवणूक अशा प्रसंगी लहान संवेदकाची मर्यादा कोणत्याही कौशल्याने पूर्णतः भरून निघत नाही. तेथे आजचा मध्यम दर्जाचा मोबाइलही सरस ठरतो, कारण तो अनेक चित्रे घेऊन ती गणनाद्वारे एकत्र करतो.

११. निष्कर्ष

१) कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्याच्या बहुतांश उणिवा लहान संवेदक, मेगापिक्सेलची स्पर्धा आणि स्वयंचलित निर्णय या तीन ऐतिहासिक कारणांतून निर्माण झाल्या.

२) यांपैकी पहिली दोन कारणे बदलता येत नाहीत, परंतु तिसरे कारण पूर्णतः वापरणाऱ्याच्या हाती आहे. आयएसओ, एक्स्पोजर, फ्लॅश व केंद्रीकरण यांबाबतचे निर्णय स्वतः घेतल्यास चित्राचा दर्जा लक्षणीयरीत्या सुधारतो.

३) सीएचडीके व ग्रंथ-स्कॅनर यांची उदाहरणे दर्शवितात की, यंत्राची क्षमता उत्पादकाने ठरविलेल्या वापरापुरती मर्यादित नसते.

४) स्थिर ऐतिहासिक साधनांच्या दस्तऐवजीकरणासाठी चालू स्थितीतील जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा आजही पुरेसा आहे. मात्र त्यासोबत दिनांकाची व स्थळाची काटेकोर नोंद आवश्यक आहे.

१८८८ मध्ये सुरू झालेल्या सोयीच्या परंपरेने छायाचित्रण घरोघरी पोहोचविले, हे तिचे ऋण मान्य करावेच लागेल. परंतु त्या सोयीची किंमत म्हणून प्रकाश पाहण्याची व निर्णय घेण्याची सवय मागे पडली. आजच्या मोबाइलमध्ये तर कॅमेऱ्याचे निर्णय पूर्वीपेक्षा अधिक व अधिक अदृश्य झाले आहेत. अशा वेळी जुना कॅमेरा, त्याच्या उघड दिसणाऱ्या मर्यादांमुळेच, विद्यार्थ्याला प्रकाश समजून घेण्यास भाग पाडतो. इतिहासाच्या विभागांनी आपल्या कपाटातील असे कॅमेरे निर्लेखित करण्यापूर्वी त्यांत सेल घालून, घड्याळ लावून, ते विद्यार्थ्यांच्या हाती एकदा द्यावेत. गावाच्या वेशीवरचा वीरगळ पुढील पावसाळ्यात आणखी झिजणार आहे, त्याची नोंद नव्या कॅमेऱ्याच्या खरेदीसाठी थांबू शकत नाही.